एका विटेचे आसन

भाद्रपदाची ओल अजून भिंतींतून गेलेली नाही, आणि आश्विन दाराशी येऊन उभा राहिला आहे. आज घरोघर घट बसतील. येथून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत मराठी गृहस्थाच्या दारास कडी म्हणून लागावयाची नाही. नवरात्रात सवाष्ण आणि कुमारिका, दसऱ्यास सोने घेऊन येणारे आप्तेष्ट, कोजागिरीस दुधासाठी जमणारे शेजारी, दिवाळीस लेक-जावई. आणि आम्हां पंढरपूरकरांच्या घरी त्यानंतर कार्तिकीचे वारकरी. हा सारा पाहुण्यांचाच काळ होय. परंतु अलीकडे याच काळात एक वाक्य पुष्कळ घरांतून आमच्या कानी येते : "घर दाखविण्याजोगे राहिले नाही, यंदा कोणाला बोलवायचे?" काही घरी या वाक्याचा शेवट पाहुणा टाळण्यात होतो, तर काही घरी उसनवारी करून सर्व घरास रंग काढण्यात होतो. आमच्या मते दोन्ही मार्ग सारखेच चुकीचे आहेत.

पंढरीत राहणाऱ्यास हे सांगताना दूर जावे लागत नाही. भगवंत दाराशी आले तेव्हा पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता. त्याने सेवा सोडली नाही, आणि पाहुण्यास तिष्ठतही ठेवले नाही. हाताशी असलेली एक वीट पुढे केली. जगाच्या पाहुण्यासाठी त्या घराने केलेली सगळी तयारी एवढीच. उलट बाजूचे उदाहरण महाभारताच्या उद्योगपर्वात आहे. श्रीकृष्ण शिष्टाईस येणार म्हणून दुर्योधनाने वाटेवर रत्नजडित मंडप उभारले, आणि दुर्योधनाच्या वाड्याहूनही सरस असे दुःशासनाचे घर झाडून, सजवून तयार ठेवण्याची आज्ञा धृतराष्ट्राने दिली. भगवंतांनी त्या मंडपांकडे पाहिलेसुद्धा नाही. ते जेवले विदुराच्या घरी. दुःशासनाच्या घराची सजावट कमी पडली असे कोणी म्हणणार नाही. तीच सजावट ज्या हातांनी झाली त्या हातांनी पुढे आणि मागे काय केले, हे सर्वांस ठाऊक आहे.

त्याच विदुराने धृतराष्ट्रास केलेल्या उपदेशात, आणि पुढे हितोपदेशातही, असा विचार आला आहे की सज्जनाच्या घरी दुसरे काही नसले तरी चार गोष्टींची वाण पडत नाही : बसण्या-निजण्यापुरते गवत, टेकण्यापुरती जमीन, पाणी, आणि चौथी गोड व खरी वाणी. आम्ही ४० वर्षांहून अधिक काळ कीर्तनाच्या निमित्ताने गावोगाव फिरत आहो. कीर्तनकार हा जन्माचा पाहुणा. वाडे पाहिले, झोपड्या पाहिल्या, अलीकडे सदनिकाही पाहतो. आणि अनुभव असा की विदुराच्या यादीत भर घालावी असे फारसे काही आम्हांस आजवर सापडलेले नाही. एका यजमानांनी आमच्यासाठी खोलीस आदल्याच दिवशी तेलरंग लावून घेतला होता. हेतू किती चांगला! परंतु खिडकी उघडता येईना, रात्रभर त्या वासाने मस्तक फिरले, आणि सकाळी स्नानानंतर ओला पंचा टाकण्यास त्या चकचकीत खोलीत एक खुंटी नव्हती.

तेव्हा प्रथम भूमीविषयी, म्हणजे जमीन, भिंत आणि छप्पर यांविषयी, कारण खर्च होतो तो येथेच आणि फुकट जातो तोही येथेच. ओल्या भिंतीस रंग देऊ नये. पाऊस पिऊन बसलेल्या भिंतीस कितीही उंची रंग लावा, तो दिवाळी संपण्यापूर्वी पापुद्र्याने सुटतो. आधी पाणी कोठून येते ते पाहावे : सरकलेले कौल, तुंबलेली पन्हळ, फुटलेला नळ. आमच्याकडील माळवदाच्या घरांवर पावसाळ्यात गवत उगवते. ते वरवर कापून भागत नाही, कारण त्याच्या मुळांच्या वाटेनेच पाणी खाली उतरते. गवत मुळासकट उपटून त्या जागी पांढरी माती घालून चोपावी. याला मजुरी लागलीच तर एका माणसाची एका दिवसाची. हस्ताचा पाऊस मोठा बेभरवशाचा. म्हणून भिंतींचे काम दसऱ्यानंतर काढावे हे उत्तम. दसऱ्यापासून धनत्रयोदशीपर्यंत सुमारे १८ दिवस मिळतात आणि आश्विनातील ऊन भिंत चांगली सुकविते. तोवर खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि भिंतीला चिकटलेली कपाटे वीतभर पुढे ओढावीत.

मग चुना. ज्या भिंतीवर पूर्वी तेलरंग वा प्लास्टिक रंग चढलेला नाही, तिला चुन्याइतके स्वस्त आणि शोभिवंत दुसरे काही नाही. कळीचा चुना आदल्या दिवशी पाण्यात विरवावा. तो उकळतो आणि उडतो, म्हणून भांडे लोखंडी व मोठे घ्यावे, चुना पाण्यात थोडा थोडा सोडावा, मुलांना जवळ येऊ देऊ नये आणि स्वतःचे डोळे सांभाळावेत. दुसऱ्या दिवशी जाड्याभरड्या फडक्यातून गाळून त्यात थोडा डिंक किंवा सरस घालावा, म्हणजे पाठ टेकणाऱ्याच्या सदऱ्याला पांढरे लागत नाही. पांढरेपणा खुलावा म्हणून चिमूटभर नीळ घालावी. भिंत झाडून, पाणी मारून, पातळ चुन्याचे दोन-तीन हात द्यावेत. एकच दाट हात दिला तर तो वाळल्यावर तडकतो. पहिला हात दिल्यावर भिंत मळकटच दिसते आणि नवशिक्याचा धीर सुटतो. परंतु चुना वाळताना पांढरा होतो, हे ध्यानी ठेवावे. सारे घर काढण्याचीही आवश्यकता नाही. पाहुणा जेथे बसतो, जेथे जेवतो आणि जेथे निजतो, तेवढ्या भिंती पुरेत.

जुन्या वाड्यांच्या दारे-खिडक्यांविषयी मात्र एक सावधगिरीची सूचना करणे आम्ही कर्तव्य समजतो. वर्षानुवर्षे चढलेल्या तेलरंगाचे थर कोरडे घासून काढण्याची पद्धत आहे. पूर्वीच्या पुष्कळ तेलरंगांत शिसे असे. घरगुती रंगांत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीचा रंग घासताना उडणारी धूळ विषारी असू शकते, आणि ती लहान मुलांस व पोटातील बाळास सर्वांत अधिक बाधते. दिवाळसणास माहेरी येणारी लेक पुष्कळदा त्याच अवस्थेत असते. रंग घट्ट असेल तर तो तसाच राहू द्यावा, साबणाच्या पाण्याने दार पुसून काढावे. सुटलाच असेल तर पाण्याने भिजवून मग खरवडावा, खाली कागद अंथरावा, धूळ केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने टिपावी, आणि हे काम पाहुणे येण्याच्या कितीतरी आधी संपवावे.

तृण म्हणजे आजच्या भाषेत अंथरूण. याला खर्च शून्य आहे, केवळ ऊन पाहिजे. गाद्या, वाकळा, पासोड्या, उशा, सतरंज्या या साऱ्यांस दोन दिवस दोन्ही बाजूंनी कडक ऊन द्यावे, काठीने झोडपावे, आणि घडी घालताना पूर्ण वाळलेला कडुनिंबाचा पाला मध्ये ठेवावा. तो ओलसर राहिला तर डाग पडतो. उन्हाचा वास असलेल्या जुन्या वाकळेवर जी झोप लागते, ती कपाटात कुबट झालेल्या नव्या रजईत लागत नाही, हे आम्ही वर्षानुवर्षांच्या अनुभवाने सांगतो. घरातील जुन्या सुती लुगड्यांचे पडदे व अभ्रे शिवावेत. आजीच्या लुगड्याचा काठ पडद्यास जी शोभा आणतो ती दुकानात विकत मिळत नाही. आणि खुंटी! अंथरुणाशेजारी दोन खुंट्या, एक दोरी, उशाशी झाकलेला पाण्याचा तांब्या. पाहुणा या गोष्टी मागत नाही. संकोचाने ओला कपडा पिशवीत कोंबतो.

पाण्याविषयी थोडक्यात. चरकसंहितेत शरद ऋतूतील निर्मळ जलास हंसोदक म्हटले आहे : दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निवविलेले, अगस्तीच्या उदयाने निर्विष झालेले. परंतु आठ दिवस पिंपात साठविलेल्या नळाच्या पाण्यास ते वर्णन लावू नये. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, स्थिर पाण्यात अंडी घालतो, आणि पावसाळा सरतानाचे हेच दिवस त्याचे. हौद, रांजण, कुंडीखालची ताटली हे सर्व आठवड्यातून एकदा रिकामे करून, आतून घासून, वाळवून पुन्हा भरावे. नुसते पाणी ओतून दिल्याने कडेस चिकटलेली अंडी जात नाहीत. न्हाणीघरातील शेवाळ खराट्याने निपटून काढावे. पितळी भांडी चिंच-मिठाने उजळतात हे गृहिणींस आम्ही काय सांगावे! ज्या भांड्यांची कल्हई गेली आहे त्यांत मात्र आमटी वा ताक ठेवू नये, ते कळकते.

येथे वृद्ध पाहुण्यांची आठवण करून देणे अगत्याचे वाटते. घराच्या माणसास पायऱ्या पाठ असतात, पाहुण्यास त्या अंधारात मोजाव्या लागतात. प्रत्येक पायरीच्या कडेस उरलेल्या चुन्याची चार बोटे रुंद रेघ ओढावी, म्हणजे मंद दृष्टीसही पायरी कोठे संपते ते दिसते. न्हाणीघराच्या भिंतीत हाताशी एक भक्कम दांडी बसवावी. निजण्याच्या जागेपासून शौचकूपापर्यंतच्या वाटेवर रात्रभर लहानसा दिवा असावा. ९ वॅटचा एलईडी दिवा पूर्वीच्या ६० वॅटच्या दिव्याच्या जवळपास उजेड देतो, वाटेवर तर त्याहूनही लहान पुरतो. मात्र ज्या बटणाजवळची भिंत ओली आहे, तेथे तारतंत्र्याने पाहून जाईपर्यंत हात लावू नये. आकाशकंदिलाची माळ त्यानंतर.

आमच्या बालपणी घडलेली एक गोष्ट आजवर आम्ही कीर्तनात सांगितलेली नाही. १९७३ च्या पावसाळ्यात आमच्या माजघराची एक भिंत बसली. त्याआधीच्या वर्षीच्या दुष्काळाने घरात पैसा राहिला नव्हता. आमची आत्या बार्शीस एकटी राहत असे आणि प्रत्येक दिवाळीस माहेरी येई. वडिलांनी तिला कार्ड टाकले की यंदा घर राहण्याजोगे नाही, भिंत उभी राहिली की स्वतः न्यावयास येतो. भिंत वैशाखात उभी राहिली. आत्या माघातच गेली होती. वडील बार्शीस गेले तेव्हा ते कार्ड तिच्या पोथीत ठेवलेले सापडले. शेजारणीने सांगितले की कार्ड आले त्या दिवशी ती एवढेच म्हणाली होती, "मी काय भिंत पाहायला जात होते?" त्यानंतर वडिलांनी घराच्या अवस्थेमुळे कोणाचेही येणे लांबविले नाही. गळत्या ओसरीवरही माणसे निजली आहेत आणि पहाटे काकड्यास आनंदाने उठली आहेत.

राहिली वाणी. तीविषयी एकच गाऱ्हाणे आहे. पुष्कळ यजमान पाहुण्यास पाणी देण्यापूर्वी घराची माफी मागू लागतात : जागा लहान, रंग गेलेला, पंखा आवाज करतो. पाहुण्यास मग प्रत्येक गोष्टीस "छे, छे, उत्तम आहे" म्हणत बसावे लागते आणि बिचाऱ्याचा चहा निवतो. यमधर्माने नचिकेताची क्षमा मागितली ती घर लहान म्हणून नव्हे. आपण घरी नसताना तो तीन रात्री दाराशी उपाशी राहिला म्हणून. न्हाणीघर कोणीकडे, दिव्याचे बटण कोठे, सकाळी पाणी किती वाजता येते, एवढे आल्याबरोबर सांगितले तर त्या वाणीने पाहुणा निम्मा घरचा होतो.

आमच्या घरी कार्तिकीस जी मंडळी उतरतात त्यांत एक वयोवृद्ध वारकरी आहेत. माडीचा जिना आता त्यांना चढवत नाही, हे गेल्या वर्षी त्यांनी सांगितले नाही, आम्हीच पाहिले. यंदा त्यांची पथारी खाली ओसरीवर घालावयाची ठरली आहे. माळवदाचे गवत निघाले, चुना दसऱ्यानंतर भिजेल. ओसरीची खुंटी तेवढी ढिली झाली आहे. तिच्यासाठी सुताराला सांगून ठेविले आहे.