आपला इतिहास कोणी लिहावा?

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २७ मार्च २०२५ रोजी एक आदेश काढला. अमेरिकेच्या इतिहासात ‘सत्य आणि विवेक’ यांची पुनःस्थापना करण्याचा मनोदय त्याच्या शीर्षकातच व्यक्त झाला होता. स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयांतून राष्ट्रात दुही माजविणारे विचार दूर करावेत, असा त्याचा रोख होता; आणि २०१६ साली वॉशिंग्टनमध्ये उघडलेल्या कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा त्यात नावानिशी उल्लेख होता. त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडा राज्याने कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा एक नवा अभ्यासक्रम आपल्या शाळांत शिकविण्यास मनाई केली. त्याच वर्षीच्या जुलैत शिक्षकांसाठी जी सूत्रे ठरविली, त्यांत गुलामांना काही कसबे अवगत झाली व प्रसंगी ती त्यांच्या स्वतःच्याही उपयोगी पडली, असे शिकविण्याची तरतूद केली. तुरुंगात डांबलेल्याला खडी फोडण्याचा व्यायाम घडला म्हणून त्याने तुरुंगाधिकाऱ्याचे आभार मानावेत, अशातलाच हा न्याय!

वस्तुस्थिती काय आहे? पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील लोक खाऱ्या पाण्याला बांध घालून भात पिकवीत होते. खाजन शेती पाहिलेल्या गोमंतकीयांना या कामातले कौशल्य समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. दक्षिण कॅरोलिनाचे मळेवाले भाताच्या मुलुखातून आणलेल्या गुलामांना मुद्दाम मागणी करीत, ती या ज्ञानासाठीच. कसब गुलामांनी आपल्याबरोबर आणले होते, नफा मात्र मालकाच्या पदरी पडला.

परंतु हा वाद केवळ एका सूत्रातील चुकीपुरता नाही. एखाद्या समाजाविषयीचे सत्य कोणाच्या दप्तरातून काढावयाचे, हा मूळ प्रश्न आहे. अमेरिकेच्या १८५० व १८६० च्या जनगणनांत गुलामांच्या याद्या वेगळ्या होत्या. त्यांत मालकाचे नाव असे. त्याखाली गुलामांचे वय, लिंग आणि वर्ण. गुलामाचे नाव लिहिण्याची गरज सरकारला वाटली नव्हती. बहुसंख्य कृष्णवर्णीयांची नावे सरकारी खानेसुमारीत प्रथम आली ती १८७० साली. फ्रेडरिक डग्लस हा पुढे जगद्विख्यात झालेला वक्ता आणि लेखक. त्याला स्वतःची जन्मतारीखही ठाऊक नव्हती. मालकाच्या वहीत मात्र १८१८ चा फेब्रुवारी अशी नोंद होती! ही वही डग्लसला कधी पाहावयास मिळाली नाही. तो आपला जन्म १८१७ चा समजत राहिला आणि १४ फेब्रुवारी हा दिवस त्याने आपणच आपला वाढदिवस म्हणून ठरविला.

या स्वतः निवडलेल्या तारखेला पुढे आणखी मोठे महत्त्व आले. कार्टर वुडसन या इतिहासकाराने १९२६ च्या फेब्रुवारीत ‘निग्रो इतिहास सप्ताह’ सुरू केला, तो लिंकन आणि डग्लस यांचे जन्मदिवस साधून. २०२६ हे त्या उपक्रमाचे शतकवर्ष होय. (१९७६ पासून तो महिनाभर साजरा होतो.) वुडसनचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. तो स्वतः कोळशाच्या खाणीत राबला आणि हायस्कुलात दाखल झाला तेव्हा विशीत पोहोचला होता. खाणीतल्या एका निरक्षर सहकाऱ्याच्या घरी संध्याकाळी कामगार जमत आणि वुडसन त्यांना वर्तमानपत्रे वाचून दाखवी. यादवी युद्धात लढलेले वृद्ध तेथे आपल्या हकिगती सांगत. इतिहासाची गोडी त्याला लागली ती या बैठकीत. हार्वर्डची डॉक्टरेट त्यानंतर, १९१२ साली मिळाली. १९१५ साली त्याने शिकागो येथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था काढली, दुसऱ्याच वर्षी संशोधनाचे नियतकालिक सुरू केले आणि पुढे स्वतःची प्रकाशनसंस्थाही उभारली.

या माणसाचा आमच्या मते सर्वांत मोठा गुण असा, की त्याने इतिहासाला आरतीचे स्वरूप येऊ दिले नाही. १८३० च्या खानेसुमारीची कागदपत्रे तपासून त्याने १९२४ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा विषय होता, स्वतःच गुलाम बाळगणारे स्वतंत्र कृष्णवर्णीय. गुलामगिरीच्या समर्थकांच्या हाती आयते कोलीत मिळेल, या भीतीने दुसऱ्या कोणी हे कागद पुन्हा बासनात बांधून ठेवले असते. वुडसनने ते छापले आणि त्यांतील अनेकांनी आपल्याच बायकामुलांना विकत घेऊन कागदोपत्री ‘मालक’ होणे पत्करले होते, हेही दाखवून दिले. १९३३ साली त्याने आपल्याच समाजातील सुशिक्षितांना फैलावर घेतले. यांना शाळांत आपल्याच लोकांचा तिरस्कार करावयास शिकविले जाते आणि पदवी घेऊन ते तेच पुढे शिकवितात, असे त्याचे परखड निदान होते. आपले सर्व पूर्वज राजेच होते, असे सांगणारे लेखन पुढे त्याही समाजात झाले. अपमानाने होरपळलेल्यांना त्याचा मोह पडावा हे समजण्यासारखे आहे, पण त्याने शत्रूच्या खोट्याला आपले खोटे उत्तर दिले जाते, एवढेच.

स्वयंनिर्णयाची भाषा सोपी आहे. त्याचा खर्च मात्र कोणी तरी सोसावा लागतो. १९३० नंतरच्या दशकात गोऱ्या धनिकांच्या प्रतिष्ठानांनी वुडसनच्या संस्थेला दिलेला हात काढून घेतला, तेव्हा ती चालली कृष्णवर्णीय शिक्षकांच्या आणि सामान्य कुटुंबांच्या लहानसहान देणग्यांवर. एखाद्या विद्यापीठाच्या पंखाखाली जाणे त्याने नाकारले. सॅन फ्रान्सिस्को येथील महाविद्यालयात नोव्हेंबर १९६८ ते मार्च १९६९ असा दीर्घ संप करून विद्यार्थ्यांनी या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग मिळविला, त्यापूर्वी चार दशके हे काम असे घरच्या भाकरीवर चाललेले होते.

मराठी माणसाचा या इतिहासाशी संबंध जुना आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रोंच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सत्पुरुषांना. ती कृतज्ञता योग्यच होती. पण सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या बाजूने लढले आणि असंख्य गुलाम मळे सोडून त्या सैन्याकडे पळून आले, ही बाजू ड्यू बॉईस यांच्या १९३५ मधील ग्रंथाने ठसविली. मुक्ती केवळ दान म्हणून मिळाली नव्हती. याच ड्यू बॉईस यांना डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती.

आणि आपल्या किनाऱ्याचे काय? पोर्तुगीजांनी मोझांबिकहून गुलाम आणून गोव्यात विकले. ‘खाप्री’ हा शब्द आपल्या तोंडी अजून आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, अंकोला या भागांतील सिद्दी लोकांपैकी बरेचसे गोव्यातून रानात पळालेल्या गुलामांचे वंशज मानले जातात. त्यांच्या घरांत कोंकणीच्या वळणाची बोली आहे. कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. मलिक अंबर आपल्या इतिहासात आला तो वजीर झाल्यामुळे. रानात शिरलेल्या या माणसांना तेवढीही जागा आपण दिलेली नाही. अमेरिकेतील आदेशांवर टीका करताना ही गोष्ट विसरता येणार नाही.

फ्लोरिडात मात्र कोंबडे झाकून उजाडायचे राहिलेले नाही. शाळांची दारे आक्रसली तेव्हा, २०२३ सालीच, तेथील अनेक कृष्णवर्णीय चर्चनी हा इतिहास आपल्याकडे शिकविण्यास प्रारंभ केला. खाणकामगाराच्या घरातील ती बैठक जशी भरत असे, तसेच हे वर्ग भरू लागले. आणि तेथे मुलांच्या शेजारी त्यांचे आजी-आजोबाही बसू लागले.