वेदनेची गिऱ्हाइकं

दोस्तहो, प्रेमावर लिहितोय. हसू नका. मोर्चा, राखीव जागा, गायरान, शिष्यवृत्ती, सगळ्यावर आपण भांडतो. प्रेमाचा विषय निघाला की एक तर कविता करतो नाही तर गप बसतो. दोन्हीनं प्रश्न सुटत नाही. या लेखात मी स्वतःलाही सोडलेलं नाही, तेव्हा अंगावर यायच्या आधी शेवटपर्यंत वाचा.

मी कुपवाडच्या बाजूला एका सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. दहावीनंतर शाळा सुटली. पुढचं सगळं वाचन पाळीच्या आधी आणि पाळीच्या नंतर, डोळे मिटत असताना. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा गावात शिरली, ते तुम्हाला सांगायला नको. पाणी उतरल्यावर एका वाचनालयाची भिजलेली पुस्तकं वाळवायला आम्ही काही पोरं गेलो होतो. तिथं ती भेटली. विश्रामबागची, कॉलेजात शिकणारी. नाव लिहीत नाही, गरज नाही. जात लिहितो, कारण गरज आहे. ब्राह्मण. चिखलानं चिकटलेली पानं सोडवता सोडवता बोलणं झालं, मी कविता लिहितो हे तिला कळलं, आणि पुढं दोन वर्षं आमचं चाललं.

ती वाईट नव्हती. वाईट असती तर हा लेख लिहावा लागला नसता, चार शिव्या पुरल्या असत्या. तिला माझी एक कविता फार आवडायची. माझ्या पणज्यानं ओढलेल्या मेलेल्या ढोरावरची. मित्रमैत्रिणी जमल्या की म्हणायची, ‘ती ढोराची म्हण ना.’ मी म्हणायचो. शेवटच्या ओळीला सगळे गप व्हायचे, कुणाच्या तरी डोळ्यात पाणी यायचं, मग चहा यायचा. आता खरं सांगतो. ते ढोर मी बघितलेलं नाही. माझ्या बापानंही बघितलेलं नाही. १९५६ नंतर पणज्यानं ते काम टाकलं ते टाकलं. मी बघितलंय ते सूत, पिंज, आणि पाळी सुटल्यावर नाकातून निघणारा पांढरा कापूस.

एकदा मी सायकलवर कविता केली. जुनी सायकल, चेन निसटणारी, पहाटे गिरणीतून घरी आणणारी. तिला वाचून दाखवली. म्हणाली, ‘छान आहे रे, पण यात तू नाहीस.’ सायकल माझी, चेन माझी, काळे झालेले हात माझे, आणि यात मी नाही!

त्या दिवशी कळायला पाहिजे होतं. माझ्या आईला माझ्या आधी कळलं. ती आमच्या घरी यायची, खाली बसून जेवायची, भाकरीचं, खर्ड्याचं कौतुक करायची, भिंतीचे, चुलीचे फोटो काढायची. ती गेल्यावर आई भांडी गोळा करत म्हणाली, ‘पोरगी चांगली हाय. पर ती आपलं घर बघाय येती, तुला न्हाई.’

आमच्या घरी ती नऊ वेळा आली. तिच्या घरी मी एकदाही गेलो नाही. विचारलं की म्हणायची, योग्य वेळ आल्यावर.

आपल्या वाट्याला दोन प्रकारचं कौतुक येतं. पहिलं, ‘तू त्यांच्यातला वाटत नाहीस.’ यावर आपण चिडतो, आणि बरोबर चिडतो. दुसरं, ‘तुझ्यात ती आग आहे.’ यावर मात्र आपण फुलतो. अरे, आग शेकायला बरी असते, म्हणून चुलीत कुणी राहायला जात नाही. पहिल्याला मी माझी जात टाकून हवा आहे. दुसरीला माझ्यातली फक्त जात हवी आहे, ती पण जुनी, भुकेली, अंगावर चिंध्या असलेली. दोघांनाही रिंग फ्रेमवरचा हा माणूस नको आहे, ज्याला भडंग आवडतं, जो रविवारी दुपारी घोरतो, ज्याला हप्त्यावर कूलर घ्यायचा आहे. कूलर मी घेतला तेव्हा ती म्हणाली, ‘तू पण मध्यमवर्गीय होत चाललास.’ पत्र्याखाली एप्रिलात झोपून बघ म्हणावं.

तिनंच मला विजय तेंडुलकरांचं ‘कन्यादान’ वाचायला दिलं. १९८३ साली रंगमंचावर आलेलं. समाजवादी नाथ देवळालीकर, त्यांची मुलगी ज्योती, तिनं पसंत केलेला दलित कवी अरुण आठवले. बापाला आनंद, आपलं घर आता खऱ्या अर्थानं जातीबाहेर जाणार म्हणून. पुढं अरुण दारू पितो, बायकोला मारतो. आपल्या लोकांनी या नाटकावर रान उठवलं. याच नाटकासाठी तेंडुलकरांना १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला, आणि तो घेताना, याच नाटकापायी आपल्यावर एकदा चप्पल फेकली गेली होती, हे त्यांनी स्वतः सांगितलं.

भांडण सगळं अरुणवरून झालं. दलित नवरा असा दाखवलाच कसा? मला हा प्रश्न अर्धा वाटतो. बायकोला मारणारे आपल्या वस्तीत नाहीत असं मी म्हणणार नाही, रात्री पाळीवरून येताना मी ते आवाज ऐकलेत. माझं भांडण नाथशी आहे. त्याला जावई नको होता, दलित जावई हवा होता. अरुणच्या जागी दुसरा कुणीही महाराचा कवी चालला असता. घरात माणूस यायच्या ऐवजी प्रयोग आला. आणि अरुणलाही ते पक्कं ठाऊक आहे. तो आत्मचरित्र लिहितो आणि नाथला भर सभेत त्याची स्तुती करायला लावतो. वेदनेला गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर विकणाराही दुकान मांडतो. मी नाही का मांडलं? न बघितलेलं ढोर मी दोन वर्षं विकलं, चहा आणि डोळ्यातल्या पाण्याच्या बदल्यात.

नाटकातलं सोडा, आपल्याच जिल्ह्यातलं बघा. वाळवा तालुक्यातलं रेठरे हरणाक्ष. तिथला श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६, वतन आणि सोवळं सोडून तमाशात गेला आणि पठ्ठे बापूराव झाला. त्याच्या फडाची नायिका पवळा, संगमनेरकडच्या हिवरगावची, महाराची. बापूरावानं किंमत मोजली, हे मी नाकारत नाही. जातीनं टाकलं, १९४५ साली हलाखीत मेला. त्याच्या प्रेमाचा खोटेपणा काढायला मी कोण? पण ही गोष्ट लोक सांगतात कशी ते ऐका. ‘बामण असून महारणीवर भुलला.’ वाक्याचा कर्ता तो. त्याग त्याचा. पवळाच्या वाट्याला काय? रूप. तिचा गळा, तिची मेहनत, तिच्या नावावर फडाला होणारी गर्दी, हे सगळं त्या रूपाखाली गाडलं. आणि समोर बसून दौलतजादा उधळणारे कोण होते? दिवसा त्यांना तिची सावली चालत नव्हती. रात्री तिकीट काढून ते तिला बघायला येत होते.

आपल्यात अशी एक गोष्ट सांगतात की महाडच्या सत्याग्रहाला बापूराव आपल्या खेळांचं उत्पन्न द्यायला निघाले, आणि महारांच्या बायका नाचवून आलेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी तो नाकारला. काही शिकलेल्या बाया आता विचारतात, यात पवळाच्या कलेचाही अपमान झाला नाही का? प्रश्न रास्त आहे. माझ्यापुरता मी असा अर्थ लावतो की नकार तिच्या गळ्याला नव्हता, पैसे फेकणाऱ्या नजरेला होता. ती नजर अजून जिवंत आहे. एका गिरणीत एक मुकादम होता. आमच्या बायकांकडं बघून म्हणायचा, ‘तुमच्यातल्या बाया कशा टणक असतात.’ स्वतःच्या भावासाठी स्थळ बघताना मात्र त्यानं दिलेली जाहिरात मी वाचली आहे. ‘आंतरजातीय चालेल. एससी, एसटी क्षमस्व.’ क्षमस्व! केवढी ती सभ्यता.

इथं एक कॉम्रेड मला म्हणाला, मारणारे सोडून तू प्रेम करणाऱ्यांवर कशाला घसरतोस? २८ एप्रिल २०१४ ला नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या पोराला शाळेतून ओढत नेऊन मारलं, झाडाला टांगलं, वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो म्हणून. साक्षीदार फिरले, २०१७ साली आरोपी सुटले. त्यापुढं तुझं विश्रामबागचं रडगाणं काय? खरं आहे. दोन्ही एका तागडीत घालायचे नाहीत. तिथं जीव गेला, माझा फक्त वेळ गेला. पण म्हणून काय मारलं नाही एवढ्यासाठी आपण प्रत्येकाचे आभार मानत फिरायचं? ‘ती निदान तुझ्याबरोबर फिरते तरी’ हे वाक्य मला आपल्याच चौघांनी ऐकवलं. लाचारीला याहून दुसरा पुरावा नको.

आता आपल्याकडं वळतो. आमचं जमलं हे कळल्यावर पोरांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. ‘लेका, पेशवाई पटवलीस!’ जणू भीमा कोरेगाव पुन्हा जिंकलं. ती पोरगी त्यांच्या लेखी पोरगी नव्हतीच, लुटीचा माल होती. आणि मी? मी तेव्हा हसलो. तिचा गोरा रंग, तिचा न आणि ण वेगळा काढणारा उच्चार, यावर मी भाळलो होतो. आयर्विन पुलावरून तिच्याबरोबर चालताना मी तिच्याकडं बघत नव्हतो. आम्हाला कोण कोण बघतंय ते बघत होतो.

पँथरनं १९७२ साली नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून आणलं. काळ्यांचंच एक पुस्तकही आपण वाचायला पाहिजे. मार्टिनिक बेटावरचा काळा मानसोपचारतज्ज्ञ फ्रान्झ फॅनन, त्यानं १९५२ साली काळी कातडी आणि गोरे मुखवटे यावर लिहिलं. त्यात एक अख्खं प्रकरण काळ्या पुरुषाला गोरी बाई का हवी असते यावर आहे. थोडक्यात असं, की गोरीनं प्रेम केलं की काळ्याला वाटतं आपण गोऱ्यांच्या लायकीचे झालो. तिच्या हातून त्याला माणूसपणाचा दाखला हवा असतो. हे वाचलं त्या रात्री माझ्या हातून किती धागे तुटले आणि किती सांधायचे राहिले, ते साच्यालाच ठाऊक.

आणि आपल्या मुलींचं काय? आपल्या वधुवरांच्या याद्या बघा. ‘बौद्ध मुलगी पाहिजे, गोरी.’ बुद्धाला शरण जायचं आणि बायको मात्र रंग बघून आणायची. आमच्या वाइंडिंग खात्यात आपल्यातलीच एक आहे, दिवसभर कोन भरते, माझ्या कविता वाचते. तिनं एकदा सरळ विचारलं, ‘तुझ्या कवितेत आई हाय, आजी हाय, ती विश्रामबाग हाय. आम्ही कुठं हाय?’ उत्तर नव्हतं.

मग खरं प्रेम कसलं? जात दिसतच नाही म्हणणारंही नव्हे. ते खोटं, जात सगळ्यांना दिसते. मला यावर पुस्तकी व्याख्या येत नाही, एक उदाहरण येतं. १५ एप्रिल १९४८, दिल्ली. बाबासाहेबांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी लग्न केलं. त्या सारस्वत ब्राह्मण. ओळख झाली ती उपचारांच्या निमित्तानं. त्यांच्या समोर आला तो मधुमेहानं पोखरलेला, पाय दुखणारा, रात्र रात्र न झोपणारा माणूस. पुढची वर्षं इन्सुलिन, पथ्य, वेळेवर जेवण. त्यात कसली आग आणि कसला विद्रोह? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतली. आणि बाबासाहेब गेल्यावर आपण या बाईंना काय दिलं? संशय. बामणीण म्हणून. चौकशीत काही निघालं नाही, तरी कित्येक वर्षं त्या वाळीत पडल्यासारख्या जगल्या. २००३ साली गेल्या. माणसाच्या जागी नुसती जात बघायचा गुन्हा फक्त विश्रामबागेत होत नाही. हे लिहिताना माझ्या घरातल्याच दोन म्हाताऱ्यांचा राग मी ओढवून घेतोय, मला माहीत आहे.

मग मिश्रविवाह नकोत का? हवेत. रक्त मिसळल्याशिवाय आपलेपणा येत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये मांडलं. लाहोरला व्हायचं ते भाषण होऊ दिलं नाही. पण त्याच भाषणात, मिश्रविवाहाची नुसती चळवळ करणं म्हणजे जबरदस्तीनं घास भरवणं, असंही आहे. आधी लोकांच्या मनातली शास्त्रांवरची श्रद्धा काढा. नाथ देवळालीकरनं मुलगी दिली, पण आपल्या थोरपणावरची श्रद्धा सोडली नाही. माझ्या विश्रामबागेच्या बाईंनी चुलीचा फोटो काढला, पण घरच्या फाटकाची कडी काढली नाही. आणि मी रंगाची पूजा सोडली नाही.

पुण्याला नोकरी लागली आणि ती गेली. भांडण झालं नाही. जाताना म्हणाली, ‘लिहीत राहा, ती आग विझू देऊ नकोस.’

ढोराची कविता मी वहीतून काढून टाकलेली नाही. पणजा माझाच आहे. पण आता कुणी ‘ती म्हण’ म्हटलं की मी म्हणत नाही. परवा जेवणाच्या सुट्टीत वाइंडिंगवालीला सायकलची कविता वाचून दाखवली. चटणी-भाकरी खात तिनं सगळी ऐकली. म्हणाली, ‘दुसरं कडवं पडलंय. चेन निसटती कधी, चढाला का उताराला? नीट बघ आणि लिही.’

चढाला निसटते. परत लिहितोय.