इंजेक्शनाआधी वजनकाटा

परवा पाथर्डीकडची माझी एक लांबची भाची नगरला दवाखान्यात आली होती, जाताना घरी टेकली. वय 26, लग्नाला सहा वर्षं. पीसीओएस आहे, पाळी दोन-दोन महिने येत नाही. पिशवीतून फाईल काढून दाखवली. आधी गोळ्या, मग इंजेक्शनं, मग वाढीव डोसची इंजेक्शनं. त्यापायी दोन गाई विकल्या. एवढ्या जाड फाईलीत वजन एकाच कागदावर, 78 किलो. उंची कुठेच नाही.

"वजनाचं काही बोलले का गं?"

"बोलले ना मामा. 'जाडी कमी कर' म्हणाले. सासूबाईपण तेच म्हणत्यात."

मी काही डॉक्टर नाही. पण यातलं जे सर्वमान्य आहे ते एवढं. पीसीओएसमध्ये बऱ्याच जणींच्या शरीरात इन्सुलिन नीट लागू पडत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं. जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन बनवायला लावतं आणि बीज पिकता पिकता मध्येच थांबतं. पोटावरच्या चरबीने हे आणखी बिघडतं. त्यामुळे वजन जास्त असलं की क्लोमिफिनची गोळी कमी लागू पडते, इंजेक्शनचा डोस वाढतो, दिवस वाढतात. बिल वाढतं हे सांगायला नकोच. उलट पाच ते दहा टक्के वजन उतरलं तरी अनेकींची पाळी मार्गी लागते. हिच्यासाठी म्हणजे चार ते आठ किलो. हा आकडा तिला सहा वर्षांत कुणी सांगितला नव्हता.

गोळीगोळीतही फरक आहे. 2014 मध्ये अमेरिकेत 750 महिलांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. लेट्रोझोलवर 27.5 टक्के महिलांना मूल झालं, क्लोमिफिनवर 19.1 टक्के, आणि फरक जास्त वजनाच्या महिलांत ठळक होता. आपल्याकडे वंध्यत्वासाठी लेट्रोझोलवर 2011 पासून बंदी होती, ती 2017 ला उठली. कुठली गोळी आणि का, हे विचारायला लाजू नका.

आता 'जाडी'बद्दल. सडपातळ मुलींनाही पीसीओएस होतो. ज्यांचं वजन वाढतं त्यांचं उतरवणंही सोपं नसतं. पहाटे पाचला उठून धारा काढणाऱ्या पोरीला आळशी म्हणायची आपली हिंमत कशी होते? आणि पस्तिशी जवळ आलेल्या बाईला 'आधी वजन, मग उपचार' म्हणून वर्ष घालवायला लावणं, हेही चूकच.

माझा राग व्यवस्थेवर आहे. सरकारी केंद्रात शुगर-बीपीची सरसकट तपासणी तिशीपासून. विशीतल्या मुलीला वजनकाटा दिसतो तो बहुतेक दिवस गेल्यावरच. जिला दिवसच जात नाहीत तिचं काय? याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्या अल्पशिक्षित बायकांना आरोग्याचं काम शिकवून उभं केलं. मग आशाताईंच्या हाती काटा, टेप आणि पाळीविषयी विचारायचे चार प्रश्न द्यायला जिल्हा परिषदेला काय अडचण आहे?

भाची पुढच्या सोमवारी परत येतेय, या वेळी नवऱ्याला घेऊन. सहा वर्षांत त्याची एकदाही तपासणी झालेली नाही.