नाव उरले, नौका कोठे?

बुडालेल्या जहाजाचे नाव नव्या जहाजास देताना सामान्य माणूस कचरेल. भारतीय नौदल कचरले नाही. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवनजीकच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने ‘खुकरी’ बुडविली, तेव्हा १८ अधिकारी व १७६ नौसैनिकांना जलसमाधी मिळाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. १९८९ साली माझगाव गोदीत बांधलेली नवी ‘खुकरी’ नौदलात दाखल झाली. ते नाव टाळणे सोपे होते. पण मग त्या १९४ जणांना आपणच दुसऱ्यांदा बुडविले असते. ही दुसरी ‘खुकरी’ २०२१ मध्ये निवृत्त झाल्यावर स्मारक म्हणून दीवलाच देण्यात आली. असे औचित्य आपल्याकडे विरळाच.

विरळा म्हणावयाचे कारण ‘विक्रान्त’. १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरातून चितगाव आणि कॉक्स बाजारवर विमाने धाडणारी ही नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली. काही वर्षे ती मुंबई बंदरात संग्रहालय म्हणून उभी होती. पुढे तिच्या जतनाचा खर्च राज्य शासनाला पेलवेना, न्यायालयात दाद मागणाऱ्यांच्या पदरी निराशा आली आणि २०१४ मध्ये ती भंगारात निघाली. तिचे काही पोलाद म्हणे मोटारसायकलींच्या कामी आले!

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत स्वदेशी बांधणीची नवी ‘विक्रान्त’ दाखल झाली. त्याच समारंभात शिवछत्रपतींच्या मुद्रेवरून स्फुरलेल्या अष्टकोनाचा नवा नौदलध्वज फडकला. कोणत्या मराठी माणसाचा ऊर भरून आला नसेल? नावाविषयी आमची तक्रार नाहीच. परंतु जुनी ‘विक्रान्त’ पुन्हा जन्मास आली, ही भाषा मात्र खटकते. पुनर्जन्म म्हटला की अंत्यसंस्काराचा हिशेब कोणी मागत नाही, ही मोठीच सोय! ज्या ‘हंगोर’ने आपली ‘खुकरी’ बुडविली, ती कराचीच्या संग्रहालयात जतन केलेली आहे, आणि तिचे नाव पाकिस्तानने नव्या पाणबुड्यांनाही दिले आहे. तेथे नाव आणि नौका दोन्ही राखता येतात. मग आपल्याला एकच का निवडावे लागते?

‘विक्रान्त’नंतर ‘विराट’ही २०२० मध्ये अलंगच्या किनाऱ्यावर मोडणीसाठी गेली. ‘विक्रमादित्य’ अद्याप सेवेत आहे, पण तीही कधीतरी निवृत्त होईलच. ती कोठे ठेवावयाची, डागडुजीचा वार्षिक खर्च केंद्राने किती सोसावयाचा आणि किनाऱ्यावरील राज्याने किती, हे ठरवावयाची वेळ आजची आहे. नौका धक्क्यावर गंजू लागल्यानंतरची नव्हे.