हळदीच्या पानावरचा डाग

दोस्तांनो, बोट कापलं की आजी काय करते? चिमूटभर हळद दाबते. आता गंमत बघा, जी हळद आपल्या जखमेवर चालते, तिलाच बुरशीचा रोग होतो! तुमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, वसमतच्या बाजूला असेल तर तुम्ही तो पाहिलाही असेल. पावसाळ्यात हवा दमट झाली की हळदीच्या पानांवर तपकिरी ठिपके उमटतात, भोवती पिवळी कडा येते, मग पानं वाळतात. शेतकरी याला करपा म्हणतात. पानंच वाळली तर जमिनीखालचा कंद पोसणार कसा? २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण बुरशी थोडीच मानांकनाला घाबरते!

"अरे, कडुनिंबाचा पाला वाटून फवारा की," असं कुणीतरी सांगतंच. खरं की खोटं, हे कसं तपासायचं?

प्रयोगशाळेत रोगट पानातली बुरशी काचेच्या थाळीत वाढवतात. थाळीत बटाट्याचा अर्क, साखर आणि अगर, म्हणजे आपलं चायना ग्रास, यांची जेली असते. दुसऱ्या थाळीतल्या जेलीत कडुनिंबाच्या किंवा निर्गुडीच्या पानांचा गाळलेला अर्क मिसळतात. दोन्हींच्या मधोमध बुरशीचा सारख्याच मापाचा तुकडा ठेवतात आणि आठवड्याने चक्क पट्टीने मोजतात. समजा, साध्या थाळीत बुरशी ८० मिलिमीटर पसरली आणि अर्काच्या थाळीत ४०, तर वाढ निम्म्याने रोखली गेली. साधी थाळी ठेवलीच नसती तर? नुसत्या ४० वरून काय कळणार, कपाळ! मला तर या प्रयोगात ती साधी थाळीच जास्त आवडते.

थाळीत जिंकलेला अर्क शेतात जिंकेलच असं मात्र नाही. तिथे पाऊस तो धुऊन नेतो, उन्हाने त्यातली द्रव्यं नासतात. म्हणून शेतातही प्रयोग करावे लागतात, आणि ते लिहून ठेवावे लागतात. १९९४ साली युरोपच्या पेटंट कार्यालयाने कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशकाचं पेटंट अमेरिकेचं कृषी खातं आणि एका कंपनीला दिलं होतं. भारतातून विरोध झाला. असे प्रयोग महाराष्ट्रातल्या शेतांत आधीच झालेत, ही साक्ष तिथे कामी आली. २००० साली पेटंट रद्द झालं, २००५ साली अपीलही फेटाळलं गेलं.

तेव्हा काढा वही, घाला तारीख! पावाचे दोन सारखे तुकडे घ्या. एकावर चमचाभर पाणी, दुसऱ्यावर चमचाभर निर्गुडीच्या पाल्याचा रस. दोन पारदर्शक पिशव्यांत घालून तोंडं घट्ट बांधा आणि रोज बाहेरूनच पाहा. पावावरची बुरशी म्हणजे करपा नव्हे हं, पण मोजायची रीत तीच. शेवटी पिशव्या न उघडता टाकून द्या, वास घेत बसू नका. आणि निर्गुडी हरली तरी पत्र पाठवा!