उपग्रहाचा डोळा आणि पाड्यावरचे पाणी

सूर्या नदीवर धामणीचे धरण झाले, ते डहाणू परिसरातील आदिवासी शेतकऱ्याला सिंचनाचे अभिवचन देऊन. पुढे ते पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे वळले. दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची योजना उभी राहिली. या वाटपावर आपण पुष्कळ बोललो. पाण्याच्या गुणाविषयी मात्र आपलेही मौनच आहे.

साठलेल्या पाण्यात खतांतील व सांडपाण्यातील नत्र-स्फुरद उतरले आणि ऊन तापले, की नील-हरित शैवाल फोफावते. त्याच्या काही जाती यकृतावर आघात करणारे विष निर्माण करतात. पाणी उकळूनही ते नष्ट होत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील टोलेडो शहराच्या पाण्यात हे विष आढळले आणि सुमारे चार लाख लोकांना दोन-तीन दिवस नळाचे पाणी वर्ज्य झाले.

या शैवालाचा माग आता आकाशातून काढता येतो. त्यातील हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषते. पाण्यावरून परतणाऱ्या प्रकाशातील हा फरक उपग्रह टिपतो. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रे जगाला विनामूल्य मिळतात. म्हणजे अडचण पैशाची नाही.

मग अडचण कोठे आहे? सेंटिनेल-३ च्या चित्रातील एक ठिपका ३०० मीटरांचा, तर २०२२ साली सोडलेल्या आपल्या ओशनसॅट-३ चा ३६० मीटरांचा. धामणीचा जलाशय त्यात दिसेल. तलासरीच्या पाड्यावरचे तळे एका ठिपक्यातच बुडून जाईल. सेंटिनेल-२ चा ठिपका १० ते २० मीटरांचा. त्याला मोठे तळे दिसते, पण पावसाळी ढगांपुढे तोही आंधळा. शिवाय उपग्रहाला हिरवेपणा कळतो, विष कळत नाही. त्यासाठी बाटलीत नमुना घेऊन प्रयोगशाळाच गाठावी लागते.

म्हणूनच विज्ञानाला नाके मुरडणे जितके चुकीचे, तितकेच उपग्रहाच्या नावाने जमिनीवरची जबाबदारी झटकणेही चुकीचे. शहराकडे जाणारे पाणी शुद्धीकरण केंद्रातून जाते. डबक्यावर हंडा भरणाऱ्या बाईला आणि तेथेच पाणी पिणाऱ्या गुराला कोणते केंद्र आहे?

आपली मागणी स्पष्ट असावी. जलाशयांची उपग्रहचित्रे शासनाने नियमित तपासावीत; पाणी हिरवे दिसताच नमुना घ्यावा; आणि निष्कर्ष मंत्रालयाच्या कपाटात न ठेवता ग्रामसभेत, लोकांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवावा. ज्या तळ्यांपर्यंत उपग्रहाची नजर पोचत नाही, तेथे कार्यकर्त्यांनी स्वतःची नजर ठेवावी. ज्यांच्या जमिनीवर पाणी साठले, त्यांना ते पिण्याजोगे आहे की नाही हे सर्वांआधी कळले पाहिजे.