‘पुरावा नाही’ म्हणजे नेमके काय?

गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लसीमुळे स्वमग्नता, अर्थात ऑटिझम, होते काय, असा प्रश्न पालक आजही विचारतात. आपण व्यवसायबंधू त्यावर बहुधा एकच उत्तर देतो : “तसा काही पुरावा नाही.” हे उत्तर अपुरे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘अजून कोणी शोधलेच नसेल’ असाच अर्थ सामान्य माणूस त्यातून काढतो. वस्तुतः शोध कसून घेतला गेला आहे.

शंकेचा उगम सर्वश्रुत आहे. १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये अँड्र्यू वेकफील्ड व सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. मुले अवघी बारा आणि तुलनेसाठी गट नाही! २०१० मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला व त्याच वर्षी ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने वेकफील्ड यांचे नाव नोंदवहीतून काढून टाकले. परंतु तेवढ्याने मूळ प्रश्न निकालात निघत नाही. अप्रामाणिकपणे मांडलेला दावाही तपासावाच लागतो.

आपल्याकडे गोवर-रुबेला लसीची दुसरी मात्रा १६ ते २४ महिन्यांच्या वयात देतात. मूल बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, हे पालकांच्या लक्षात येते तेही साधारण याच सुमारास. तेव्हा लाखो मुलांपैकी काहींच्या बाबतीत या दोन गोष्टी पाठोपाठ घडणारच. कावळा बसला आणि फांदी मोडली! यात कावळ्याचा दोष किती हे ठरवायचे, तर ज्या फांद्यांवर कावळा बसलाच नाही त्यांपैकी किती मोडल्या, हेही मोजावे लागते.

डेन्मार्कमधील संशोधकांनी नेमके हेच केले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५,३७,३०३ मुले होती. लस घेतलेल्यांत स्वमग्नतेची सापेक्ष जोखीम ०.९२ आढळली. २०१९ च्या अभ्यासात नंतर जन्मलेली ६,५७,४६१ मुले होती. त्यांपैकी ६,५१७ मुलांना स्वमग्नतेचे निदान झाले. येथे हे गुणोत्तर ०.९३ आले आणि त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा ०.८५ ते १.०२ होती. ज्यांच्या भावंडांना स्वमग्नता होती, अशा मुलांतही लसीमुळे जोखीम वाढलेली दिसली नाही.

जोखीम शून्यच आहे, हे संख्याशास्त्र कधीच सिद्ध करू शकत नाही. ती जास्तीत जास्त किती असू शकेल, एवढे ते सांगते. वरची मर्यादा १.०२ हीच खरी मानली, तरी शंभरात एक या मूळ प्रमाणात दहा हजारांमागे दोघांची भर पडेल. उलट गोवर झालेल्या हजार मुलांत सुमारे एकाला मेंदूदाह होतो.

यावर चिकित्सक वाचक विचारील, की विकासात मागे असलेल्या मुलांना पालकांनी लसच दिली नसेल तर? शंका रास्त आहे. तिचे उत्तर जपानमध्ये सापडते. तेथे १९९३ मध्ये ही एकत्रित लस बंद झाली. तरीही योकोहामा शहराच्या एका विभागात त्यानंतर जन्मलेल्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण वाढतच राहिल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. या अभ्यासाच्या उणिवा डेन्मार्कच्या अभ्यासांहून अगदी वेगळ्या आहेत. निष्कर्ष मात्र एकच आहे. पुराव्याचे बळ त्यातच आहे.

फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्या कर्नाटकात व शेजारच्या गोव्यात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली, तेव्हाही अफवा पसरल्या होत्या. पुढे २०२२ साली मुंबईत गोवराच्या साथीने बालके दगावली, हे आपण पाहिलेच आहे.

म्हणून व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे, की पालकांना असे सांगावे : “दोन अभ्यासांत मिळून सुमारे बारा लाख मुलांच्या नोंदी तपासल्या, लसीचा संबंध आढळला नाही.” स्वमग्न मुलाच्या आईला तर हे आवर्जून सांगावे. ‘मीच त्याला टोचून आणले’ हे ओझे ती वर्षानुवर्षे मुकाट्याने वाहत असते. ते उतरवणे हेही आपलेच काम आहे.